मुंढ्यातली खोड

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारं कुणीही सरळ सॅम्पल देत नाही. सॅम्पल घेऊन दुसऱ्याकडे जाणारी गिऱ्हाइकं मी फार पाहिली. म्हणून आम्ही त्यात एक खोड ठेवतो आणि ऑर्डर पक्की झाली की काढतो. माझी खोड मुंढ्यात, बाही जिथे जोडतात तिथे. तो मी पाऊण इंच तंग कापते. कपडा अंगावर झकास दिसतो, पण हात वर जात नाही. काजं-बटणं करता करता मी बारा मशिनी उभ्या केल्या, त्या भोळेपणावर नव्हे.

पुण्याचा एक दिग्दर्शक आला. पोरींच्या हातात असते ना, ती सोनेरी केसांची फॅशनवाली बाहुली, तिच्यावर तो संगीत नाटक बसवत होता. चौदा मुली, चौदा गुलाबी झगे. त्याने भाव केलाच नाही, तेव्हाच मला वास आला. जो भाव करत नाही, त्याला घ्यायचं नसतं. पण गणवेशापलीकडचं काहीतरी माझ्या हातचं लोकांनी बघावं, अशी हौस होती. सॅम्पल म्हणून सॅटिनचा एक झगा शिवून दिला, खोड ठेवूनच. तो परत फिरकला नाही.

प्रयोगाला मी तिकीट काढून नवऱ्याबरोबर गेले. पडदा उघडला आणि चौदाही मुलींचे हात खांद्याशीच अडलेले. माझी खोडसुद्धा कुणीतरी जशीच्या तशी उतरवली होती. मी उठले, तर नवऱ्याने पदर ओढला. म्हणाला, "बस की. लोक बघायलेत."

लोक टाळ्या वाजवत होते. हुबेहूब बाहुलीचे ताठ हात, काय डोकं आहे दिग्दर्शकाचं, असं मागची बाई म्हणत होती.

प्रयोग संपल्यावर मी त्याला आत जाऊन गाठलं. त्याला लाजही नाही. मोहोळच्या शिंप्याकडून झगे लवकर शिवून मिळाले, म्हणाला. मग विचारलं, "ताई, बगलेत तंग मुद्दाम ठेवलं होतं का? त्यावरच आमचा सगळा नाच बसला."

शेजारी, दरवर्षी माझ्याकडून गणवेश घेणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापक नातीला घेऊन उभे होते. हो म्हणावं तर मी लबाड, नाही म्हणावं तर मला कापता येत नाही.

"कापड आटलं असेल," मी म्हणाले.

सॅटिन आटत नाही, हे शिकाऊ पोरीलाही माहीत असतं. मुख्याध्यापक नुसते हसले. यंदा माझं सॅम्पल त्यांनी एका विद्यार्थिनीला घालायला लावलं आणि आधी तिला म्हणाले, "हात वर कर बघू."