ताडपत्रीखालची घरं

एनस्खेडेच्या डच विद्यापीठातल्या आमच्या विभागात तीन महिन्यांसाठी त्या आल्या होत्या. त्यांच्या देशातलं युद्ध थांबून जेमतेम वर्ष झालं होतं आणि कुठली गावं आधी बांधून द्यायची, हे ठरवणाऱ्या सरकारी कचेरीच्या त्या प्रमुख. उपग्रहाच्या फोटोंवरून पडकी घरं लाल आणि धड घरं हिरवी दाखवणारा आमचा प्रोग्रॅम त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. प्रश्न इतके विचारायच्या की मी वैतागायचे. पण डब्यात पोहे दिसले की हक्काने चमचा पुढे करायच्या. त्यांच्यावर फार वेळ रागावणं मला कधी जमलं नाही.

यादी तयार झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीचं गाव अगदी शेवटी का होईना, या वर्षीच्या यादीत बसलं. त्यांनी मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी त्या एका डोंगराळ गावावर बोट ठेवून बसल्या होत्या. सगळी घरं हिरवी.

"मी इथे जाऊन आलेय. एकाही घराला छप्पर नाही."

मी चिडलेच. माझ्या कामात चूक? तणतणत फोटो मोठा केला. घरांवर निळ्या ताडपत्र्या होत्या. प्रोग्रॅमला शिकवताना मीच त्यांना नवे पत्रे समजून 'दुरुस्त' अशी खूण केली होती. गावी आमच्या गोठ्यावर वर्षानुवर्षं तीच निळी ताडपत्री होती, तरी मला ओळखू आली नाही! फार लाज वाटली.

"हे सुधारलं तर अशी बरीच गावं वर येतील," मी म्हणाले. "तुमच्या बहिणीचं गाव पुढच्या वर्षावर जाईल."

तसंच ठेवलं असतं, तर आम्हा दोघींशिवाय कोणाला कळलंही नसतं. असं माझ्या मनात येऊन गेलं.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "सुधारा."

नव्या यादीवर सही करून त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला. भाषा मला कळत नव्हती. बराच वेळ त्याच बोलत होत्या. पलीकडून एकच वाक्य आलं.

"काय म्हणाल्या?"

त्यांनी डोळे पुसले. "म्हणाली, मग मलाही एक ताडपत्री पाठव."

संध्याकाळी मी सायकल काढली आणि दुकानातली सगळ्यात जाड ताडपत्री घेऊन आले. त्या मायदेशी निघाल्या तेव्हा ती काही त्यांच्या बॅगेत मावेना. शेवटी आपली पुस्तकं माझ्याकडे ठेवून गेल्या. ती अजून माझ्याच कपाटात आहेत.