बाकाखालची बॅग

हिंगोलीतल्या त्या बायकांच्या दवाखान्याचे बाक चांगले उंच होते. माझी काळी बॅग त्यांच्याखाली सहज मावायची. शेजारच्या काकू दारातून आत येताना दिसल्या, तशी मी ती टाचेनं मागे ढकलली, पार भिंतीला टेकेपर्यंत. डोकं चालायच्या आधी पाय चालला.

काकूंचं घर औंढ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून. देवळाच्या वाटेवर त्यांचं बेल-फुलांचं दुकान आहे, त्यामुळे गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे त्यांना फुलांबरोबर रोज ताजं मिळतं. त्या दिवशी त्या सुनेचा रिपोर्ट न्यायला आल्या होत्या.

"अगं बाई! तू हिथं काहून बसलीस?"

उत्तर सोपं होतं. मी फार्मसी आणि मॅनेजमेंट असा जोडकोर्स करते, पाच वर्षांत दोन डिग्र्या. चौथ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या औषध कंपनीसाठी फिरतीचं काम करावं लागतं. मला मिळालेली कंपनी रक्तवाढीच्या गोळ्या करते आणि त्या गोळ्यांचे गुण डॉक्टरांना सांगायचे, म्हणजे डॉक्टर त्या लिहून देतील, हे माझं काम. दोन-चार पेशंट झाले की एक कंपनीवाला आत सोडतात, म्हणून मी पेशंटांमध्ये बसले होते. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? ते सोडून मी पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोटात दुखतंय, काकू."

आजारी असण्याची मला लाज वाटली नाही. बॅग घेऊन विकायला बसले याची वाटली.

याचं मूळ घरातच आहे. माझे वडील कचेरीत कारकून. मी लहान असताना त्यांनी आमच्या डॉक्टरांच्या दारात उभा असलेला एक टायवाला मला दाखवला होता. "बघ, इतकं शिकून बिचारा दारोदार फिरून राहिला," असं ते म्हणाले होते. तो ‘बिचारा’ माझ्या मनात घर करून बसला. पुढे मी या कोर्सला गेले तेव्हा एका नातेवाइकानं ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून घेतलं, आणि वडिलांनी त्याला ठणकावून सांगितलं की माझी लेक औषधं शोधायचं शिकते. मीही ते खोडलं नाही. गावभर तेच झालं. कॉलेजात आम्ही ‘मार्केटिंग’ हा शब्द मोठ्या तोऱ्यात वापरायचो. एसटी औंढ्याच्या दिशेला वळली की त्याच शब्दाचं ‘दारोदार’ व्हायचं.

काकू शेजारी टेकल्या. "कधीपास्नं दुखतंय? अन् आई कुठाय?"

"तिला नका सांगू, काकू. उगं घाबरेल."

हे बोलले आणि जीभ चावली. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे पाहिलं, मग माझा हात हातात घेतला. "बराबर हाय. न्हाई सांगत," म्हणाल्या आणि पुढे एक शब्द विचारला नाही. ज्या बाईला फुलपुडी बांधेपर्यंत गप्प बसवत नाही, ती गप्प बसली. तिथंच मी समजायला हवं होतं.

थोड्या वेळानं त्या उठल्या आणि नंबर पुकारणाऱ्या बाईकडे गेल्या. "आमच्या पोरीला आदी घ्या ना, कळवळून राहिली ती." त्या बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती मला कंपनीवाली म्हणून चांगली ओळखत होती. ती काही बोलायच्या आत मी काकूंचा दंड धरला, "थांबलं आता, चला घरी," म्हणत त्यांना बाहेर ओढलं. बॅग बाकाखालीच राहिली.

एसटीत काकूंनी मला खिडकीची जागा दिली. डोकं खांद्यावर टेकव म्हणाल्या. मी टेकवलं. त्यांच्या पदराला झेंडूचा वास येत होता, आणि औंढा येईपर्यंत त्या माझा हात थोपटत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

काकूंचं वचन आमच्या उंबऱ्यापर्यंत टिकलं असावं. संध्याकाळी आईनं माझ्यासाठी वेगळा मऊ भात लावला, त्यावर तूप सोडलं, ओवा चावायला दिला. बोलली काहीच नाही. माझ्या आईची जीभ तशी तिखट. दूध उतू गेलं तरी ती दुधाला, गॅसला आणि मला एका दमात सुनावते. तिचं हे गोड वागणं काही ठीक नव्हतं. वडील पेपर वाचत होते आणि बराच वेळ पान उलटत नव्हते.

जेवण झाल्यावर ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता चिमूटभर तोंडात टाकायची, ही तिची अलीकडची खोड. कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणतात, म्हणून मी तिला नेहमी चिडवायचे, तसंच म्हणाले, "तुझं लग्न तर होऊन गेलं, आता कुणाच्या लग्नात पाऊस पाडतेस?"

ती हसली नाही. "कायबी असू दे," सुपात बघतच म्हणाली, "मला सांगशील ना?"

तेव्हा सगळं लक्षात आलं. बिनलग्नाची पोरगी, बाहेरगावी शिकायला, घरी न सांगता एकटी बायकांच्या डॉक्टरकडे, आणि वर ‘आईला सांगू नका’. आईच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या हातांवरूनच दिसत होतं. तेच तेच तांदूळ ती पुन्हा पुन्हा चाळत होती.

तिथंच खरं सांगायचं होतं. आई हुश्श म्हणाली असती, वडील दोन दिवस घुम्यासारखे बसले असते, मिटलं असतं. पण मला राग आला. माझ्यावर एवढाही भरवसा नाही का, म्हणून मी फणकाऱ्यानं उठले आणि तोंड फिरवून झोपायला गेले. खोटं मीच बोलले आणि रुसलेही मीच. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात?

सकाळी ‘कंपनीच्या ऑफिसात जाते’ असं सांगून निघाले. कंपनीचं हिंगोलीत ऑफिसच नव्हतं.

नंबर पुकारणाऱ्या बाईनं बॅग टेबलाखालून काढून दिली. "मॅडम, काल तुमची दुकानदारी हिथंच राह्यली. पोट कसंय आता?" बाकावरच्या दोन बायका हसल्या. मी ओळखपत्र गळ्यात घातलं आणि या वेळी बॅग मांडीवर घेऊन बसले, जे होईल ते होवो म्हणून. माझा नंबर लागला.

डॉक्टर मॅडम वयानं मोठ्या आणि भलत्याच घाईच्या. वेळ वाचावा म्हणून पुढचा पेशंट त्या आधीच आत बोलावून स्टुलावर बसवून ठेवत. मी चित्रांची फाईल उघडली आणि पाठ केलेलं म्हणू लागले. पहिल्या चित्रात जिन्याचा कठडा धरून धापा टाकणारी बाई. दुसऱ्यात ओढून धरलेली पापणी, आतून पांढरीफटक. तिसऱ्यात तळहातावर माती, खडू आणि कच्चे तांदूळ. "मॅडम, रक्त कमी असलेल्या बाईला चढताना दम लागतो, असलं काहीबाही खावंसं वाटतं, आणि घरात हे कुणाच्या लक्षात येत नाही," इथे किंचित थांबून हसायचं असं आम्हाला शिकवलं होतं. मी थांबले, हसले, पान उलटलं आणि बाजूला पाहिलं.

स्टुलावर आई बसली होती. हातात केसपेपर, कपाळावर घाम. माझ्या मागच्या गाडीनं आली असणार, आणि तिचा घाम बघून नंबर पुकारणाऱ्या बाईनं तिला मधेच आत सोडलं असणार.

तिनं माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. तिचा चेहरा माझ्यासमोर सैल होत गेला. रात्रभर जे तिनं धरून ठेवलं होतं ते सुटलं. मग तिनं नजर काढून घेतली आणि ओळख न दाखवता समोर बघत बसली. मी काय लपवत होते ते तिला तेवढ्यात उमगलं होतं, आणि ती माझ्या बाजूनं लपवू लागली होती. माझी आई आहे, हे तीन शब्द मला त्या खोलीत उच्चारता आले नाहीत. उलट उरलेली पानं मी भराभर उरकली.

"ठेवा ती फाईल," मॅडम म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "बोला बाई, काय होतंय?"

आईला सांगण्यासारखं काही नव्हतं, असं मला वाटलं. ती तर माझ्यासाठी आली होती. तिनं पदर सारखा केला. "ह्या ताई आता सांगून राहिल्या ना, तेच होतंय मला. चढताना धाप लागती. तांदूळ खावंसं वाटतं."

माझा माल खपावा म्हणून ती माझीच वाक्यं बोलतेय, असं वाटून मी शरमेनं फाईलमध्ये तोंड खुपसलं. मॅडमनी तिचा चेहरा उजेडाकडे फिरवला आणि अंगठ्यानं डोळ्याखालची पापणी ओढली.

आतून पांढरी. माझ्या फाईलमधल्यापेक्षा पांढरी.

"अंगावरून किती जातं?" मॅडमनी विचारलं. आईनं हळू आवाजात सांगितलं. महिन्यातले निम्मे दिवस. कधीपासून? झालं असेल वर्ष, जास्तच. मी तिथंच उभी होते आणि एकेक गोष्ट आठवत होते. नागनाथाचा गाभारा खाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं आणि तसंच वर यावं लागतं. आई दर सोमवारी उतरायची. मागच्या सुट्टीपासून ती वरूनच हात जोडत होती. "आता देवानंच वर यायचं का?" असं मी तिला विचारलं होतं, आणि आम्ही दोघी हसलो होतो. विकणं म्हणजे समोरच्याची गरज ओळखणं, असं आमचे मॅनेजमेंटचे सर सांगतात. पापणी कशी बघायची ते फार्मसीत शिकवलं होतं. दोन्ही डिग्र्या मिळून मला एक पापणी दिसली नव्हती.

"रक्त तपासू, सोनोग्राफी करू. तोवर या गोळ्या," मॅडम म्हणाल्या आणि मान वर न करता मला म्हणाल्या, "तुमचं सॅम्पल द्या यांना. कशी घ्यायची तेही सांगा."

मी पाकीट काढलं. आईनं दोन्ही हात पुढे केले, परक्या माणसाकडून घ्यावं तसे. "सांगा ताई," ती म्हणाली.

"जेवणानंतर घ्यायची. लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. आणि..." मी पाकीट तिच्या हातांवर ठेवलं. "आणि चहाबरोबर घेऊ नकोस, आई."

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तुमची आई आहे ही? मग तुम्हाला दिसलं नाही?"

उत्तर आईनं दिलं. "तिला फुरसत कुठं असती, मॅडम? दोन-दोन डिग्र्या एकदम करून राहिली ती." ती हे अभिमानानं बोलली. मला सावरून घ्यावं म्हणून नव्हे, खरोखरीच्या अभिमानानं. मॅडम खाली बघून लिहू लागल्या.

रक्त देऊन आम्ही डेपोवर आलो. बॅग माझ्या खांद्यावर होती, आता ती कुठं लपवायचीही नव्हती. दोघी उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी सावलीत उभ्या राहिलो. आई दंडावरचा कापूस दाबून धरत होती. आता ती बोलेल, दोन शिव्या घालेल, काल रात्रीचा फणकारा काढेल, अशी मी वाट बघत होते. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"खरं सांग," ती म्हणाली, "तुझं पोट आता दुखतंय का?"

एवढं सगळं होऊनही तिला ते खरंच वाटत होतं. बॅगेचं तिला कळलं होतं, पण पोटदुखी खोटी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"न्हाई आई. कधीच दुखलं नव्हतं. खोटं बोलले मी."

तिनं दंडावरचा कापूस काढून टाकला.

"खोटं होतं व्हय? बरं झालं बाई," म्हणाली.

औंढ्याची गाडी लागली. आई पुढे, मी मागे. पहिली पायरी ती चढली, दुसरीवर दांडा धरून थांबली आणि श्वास घेऊ लागली. मागच्या बाया "चला की वो पुढं" म्हणून ढकलत होत्या. मी दोन्ही हात दारावर रोवून त्यांना थोपवून धरलं.