फळीखालच्या खाचा

ओट्यावरच्या जुन्या फळ्यांना वाळवी लागली, म्हणून स्वयंपाकघर नव्याने करावे लागले. एरवी मी ते होऊ दिले नसते. सुतार होता पेठ वडगावचा. घराची दारे त्याच्या वडिलांनी केली होती. मापे घेऊन त्याने प्लायची बंद कपाटे सुचवली. मसाल्याच्या डब्यांसाठी मात्र शेगडीशेजारी दोन उघड्या फळ्या हव्यात आणि त्यांना सागवानी पट्टी हवी, असे पत्नीने सांगितले. कारण दिले नाही. मीही विचारले नाही.

काम तीन आठवडे चालले. तेवढे दिवस स्वयंपाक बाहेरच्या खोलीत होई आणि मला बसायला धड जागा नसे. मी सुतारामागे उभा राही. नोकरीत असताना सरकारी इमारतींच्या कामांवर देखरेख केली होती. वाकडी कड मला सहन होत नाही. सुतार दोनदा म्हणाला की काका, जरा फिरून या. मी गेलो नाही. हयातीच्या दाखल्यासाठी एकदाच काय तो बँकेत गेलो.

अस्वस्थतेचे कारण निराळे होते. पत्नीला काचबिंदू आहे. विचारले की मला ठीक दिसते, असे म्हणते. दिवाळीच्या सुमारास तिने चहात साखरेऐवजी मीठ घातले. पुन्हा असे झाले तर स्वयंपाकाला बाई ठेवीन, असे मी बजावले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या ओट्यावर तिच्याखेरीज कोणाचा हात चाललेला नाही.

काम संपल्यावर फळ्या पुसताना पट्टीच्या खालच्या कडेला बोट अडकले. तिथे पटाशीची एक खाच होती. वीतभर पुढे दोन, त्यापुढे तीन. नव्या कामावर असे घाव पाहून मी संतापलो आणि सुताराला बोलावणे पाठवले. पत्नी शेंगा सोलत होती.

"असू द्या की. खालनं कोण बघतंय?"

"मी बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुतार पुट्टी घेऊन आला. पत्नी शेजारी गेली होती. त्याने डबा ओट्यावर ठेवला, पण उघडला नाही. खाचा भरायला मी पुन्हा सांगितले. तेव्हा तो खाली पाहत बोलला.

"काका, त्या चुकून पडल्या न्हाईत. काकूंनीच पाडून घेतल्या. एक मिठाला, दोन हळदीला, तीन चटणीला. तुम्ही बँकेत गेलता तवा. तुमाला सांगू नको म्हनल्या."

"का?"

"बाई ठेवशीला म्हनून."

मी त्याला परत पाठवले. चहा विचारायचा राहिला, हे तो गेल्यावर ध्यानात आले. मग डोळे मिटून फळीखाली बोट फिरवून पाहिले. हळद म्हणून जो डबा काढला, तो चटणीचा, लाल तिखटाचा निघाला. पुन्हा प्रयत्न केला. खोलीत चार फेऱ्या मारल्या, खिडकी उघडली, लावली. ती रोज असेच चाचपून रांधत होती आणि मी रोज तिच्या हातचे जेवत होतो.

ती परत आली. चपला काढता काढता तिने विचारले, "भरल्या का?"

"नाही."

आत जाऊन तिने भात टाकला. मी दारात उभा राहिलो आणि सांगितले की बाई ठेवणार नाही. पण सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे आणि तिथे खरे सांगायचे. तिने शेगडी बारीक केली. आच किती कमी झाली, हे ती पाहत नव्हती, ऐकत होती.

"तुला नेमके किती दिसते?" मी विचारले.

"तुम्ही उभे आहात, एवढं दिसतंय," ती म्हणाली. "बसा की आता."