जयंतीबाईंनी परत केलेला डबा

"आईंनी त्या माणसाला माफ करून टाकलंय, आणि हे आईंनाच माहीत नाही!" स्वयंपाकघरात चैत्राली कडाडली.

"हळू बोल. आई झोपलीय," नरेंद्र म्हणाला.

जयंतीबाई कसल्या झोपताहेत! प्लास्टरातला हात पोटाशी धरून त्या दारामागं उभ्या होत्या. टोकियोतल्या घरांच्या भिंती म्हणजे कागदच. मुलगा-सुनेचं भांडण ऐकायला कान लावायचीही गरज नव्हती.

ही त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षाची गोष्ट. नात सांभाळायला सांगलीहून आलेल्या जयंतीबाईंची पिशवी स्टेशनाजवळ एका सायकलवाल्यानं हिसकावली. बाई आपटल्या, मनगट मोडलं. तो धरला गेला. मग एके दिवशी त्याची आई, होरी-सान, म्हणजे होरीबाई, दारात आली आणि जी कमरेत वाकली ती वर उठेचना. हातात मिठाईचा देखणा लाकडी डबा.

दारात आलेल्या बाईला असं उभं कोण ठेवतं? जयंतीबाईंनी चहा पाजला, डबा ठेवून घेतला. मिठाई संपली. आता डबा रिकामा कसा द्यायचा? एका हातानं बेसनाचे लाडू वळले. ते आकारानं नदीतल्या गोट्यांसारखे झाले, पण डबा भरून पोचता केला.

त्या देशात असला डबा घेणं म्हणजे माफ केलं म्हणणं, आणि वर लाडू देणं म्हणजे तर गळाभेटच. त्या पोराच्या वकिलानं कोर्टात तेच सांगितलं: बाईंच्या मनात राग उरलेला नाही. शिक्षा हलकी झाली. खटला कधी झाला, हे बाईंना समजेल अशा भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं.

"झालं ते झालं. व्हिसा वाढवायचाय, कशाला कोर्टात नाचायचं?" नरेंद्र म्हणत होता.

"नाचायचं कुठं म्हणतेय? त्यांना एकदा विचारायचं तरी!"

हे वाक्य जयंतीबाईंच्या मनात रुतून बसलं.

इकडं डब्याची निराळीच गंमत. भेट आली की उलट भेट दिल्याशिवाय होरी-सानना चैन पडेना. त्यांनी डबा सफरचंदं भरून पाठवला. जयंतीबाईंनी शंकरपाळे भरले. वर्षानुवर्षं डबा ये-जा करत राहिला. दोघींपैकी एकीलाही थांबता येईना.

काही वर्षांनी वॉर्डाच्या सभेत वाद उठला. कुरोसे-सान नावाच्या बाई सभासदांचं म्हणणं, आरोपीचे हक्क देशाच्या घटनेत आहेत, मार खाणाऱ्याचे नाहीत. ते घाला, असं वॉर्डानं संसदेला कळवावं. त्यांना अनुभव सांगणारं माणूस हवं होतं. चैत्रालीनं सासूलाच पुढं केलं.

पांढऱ्या भुवयांचे एक सभासद म्हणाले, "आपली राज्यघटना लिहिल्यापासून तिच्या एका अक्षराला हात लागलेला नाही. एका वॉर्डानं तिला कशाला डिवचायचं? आणि मार खाणाऱ्याला हक्क देताना आरोपीचे कमी झाले तर?"

जयंतीबाई उठल्या. चैत्राली जपानीत सांगत गेली. "कुणाचे कमी करा म्हणत नाही मी. मला विचारा, एवढंच. डबा मी घेतला, खरं. पण डबा त्याच्या आईचा होता. आईशी माझं भांडण नाही."

भुवयावाल्यांनी जरा वर बघितलं. "मग तुम्ही त्याला माफ केलंत की नाही?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं! जयंतीबाई पदर सावरून म्हणाल्या, "तो मागायला आला, की त्याला सांगेन."

सभेत हसू फुटलं, भुवयासुद्धा हलल्या. ठरावाचं मात्र ठरलं, की पुढच्या बैठकीत आणखी विचार करू. "म्हणजे लोणचं घातलं," जयंतीबाई सुनेला म्हणाल्या. पण घरी येताना त्यांची चाल तरण्या पोरीसारखी होती.

नात मोठी झाली. जयंतीबाईंनी सांगलीला कायमचं परतायचं ठरवलं. बॅगा भरून झाल्या, तरी डबा त्यांच्याकडंच होता. लाडू वळले. आता मनगट धड, तेव्हा लाडूही गोल. बाई होरी-सानकडं निघाल्या.

मुलगा सुटून घरी आल्यापासून दारात पुरुषी बूट असत, तसे आजही होते. नेहमीसारखंच आतून कुणी आलं नाही. होरी-सान वाकल्या, जयंतीबाई वाकल्या.

इतक्या वर्षांच्या मोडक्यातोडक्या जपानीत, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जयंतीबाई म्हणाल्या, "या खेपेला डबा मुलाच्याच हाती पाठवा. मी नसेन. सुनेजवळ माझं उत्तर ठेवलंय."

दोन्ही हातांनी डबा दिला आणि त्या निघाल्या. वाटेत दूध घ्यायचं होतं.