बर्फावरचं माप

पागिर्ने गावाच्या बास्केटबॉल संघात वाइदोतास आला तो सेंटर म्हणूनच, बास्केटखाली उभा राहणारा. गावात सगळ्यांत उंच तोच, आणि उंच माणसानं कुठं उभं राहायचं याबद्दल त्याच्या बापाच्या मनात कधी शंका नव्हती. बाप फेलिक्सास सुतार. तरुणपणी तोही याच संघाचा सेंटर होता.

"लांबून चेंडू टाकणं हे बुटक्यांचं काम," तो म्हणायचा. "आपण बास्केटखाली पाय रोवायचे, पाठ लावायची, खांद्यानं जागा करायची आणि चेंडू वर ठेवून यायचा. मांडणीवर वाडगा ठेवतात तसा."

वाइदोतासनं सारी उमेदीची वर्षं तेच केलं. दिवसा सॉ मिलमध्ये ओल्या फळ्यांच्या थप्प्या लावायच्या, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पाठीनं माणसं रेटायची. दोन्ही कामांचा भार एकाच गुडघ्यावर पडत होता. छत्तिसाव्या वर्षी गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, चाला, काम करा, पण उडी मारू नका.

नंतर मास्तर झेनोनास भेटायला आला. तो शाळेची बस चालवायचा आणि संघाला शिकवायचा.

"उग्न्यूस आलाय," मास्तर म्हणाला. "एकोणीस वर्षांचा आहे. तुझ्यापेक्षा बोटभर उंचच."

"खाली मी त्याला हलू देणार नाही."

"उडी नाही तर खाली काय करणार, वाइदा? छत धरून उभा राहणार? आता सेंटरसुद्धा बाहेर येऊन टाकतात. लांबून टाकायला शीक. नोव्हेंबरात मृतांचा दिवस झाला की निवड आहे. जमलं तर शर्ट तुझा. नाही तर लसूण लावलेला पाव आणि बिअर घेऊन वर बाकावर बस. दोन जागा राखतो, तुला एक पुरायची नाही."

वाइदोतास हसला नाही. शनिवारी हॉलमध्ये शर्ट घालणारा माणूस म्हणून गाव त्याला ओळखत होतं. शर्ट गेल्यावर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरच्या कोठाराच्या भिंतीवरचं बास्केटचं जुनं कडं वादळात पडलं होतं. फेब्रुवारीत फेलिक्सास कोट घालून बाहेर आला. छातीच्या आजारानं तो पार वाळला होता. हातात घडीची लाकडी पट्टी होती.

"बाबा, बर्फ वितळू द्या. जमीन दिसत नाही."

"बर्फ तुडवून दगड झालाय. जमीन ती हीच."

"तुम्ही आत चला. मी ठोकतो."

"तू फळ्या रच. ठोकणं माझं काम. शिडी धर." दोन पायऱ्या चढून तो दम घ्यायला थांबला. "लांबून टाकणार म्हणे. आपल्या घराण्यात कोणी टाकलं नाही."

"आपल्या घराण्यात कोणाचा गुडघाही गेला नव्हता."

"गेला होता," म्हातारा म्हणाला. "मी सांगितलं नाही."

त्यानं माप मोठ्यानं वाचलं, नियमाचं तीन मीटर पाच सेंटिमीटर. मग खिळे मारले. वाकडा एकही गेला नाही.

मार्चमध्ये तो वारला. अंगणात बर्फ तसाच होता. शेजारणी घरी येऊन तीन दिवस स्तोत्रं म्हणत होत्या. थडग्यासाठी गोठलेली जमीन पहारीनं फोडावी लागली, त्याला संघातली पोरं आली. उग्न्यूसही आला आणि शेवटपर्यंत पहार त्यानं कोणाला दिली नाही.

मग बर्फ गेला. वाइदोतास अंगणात उभा राहिला, हात वर केला. पूर्वी नुसता उभा राहिला तरी बोटं जाळीला लागायची. आता लागेनात.

"जाळी वर गेली की तू खचलास?" त्याची बायको यूराते दारातून म्हणाली.

"नवी आहे. आखडली असेल."

त्यानं पट्टी आणली नाही. बापाचं शेवटचं काम होतं ते.

तो शिकायला लागला. फळ्यांनी तळहात कातड्यासारखा झाला होता, चेंडू तळव्यावरच बसायचा. तो बोटांच्या पेरांवर ठेवायला शिकण्यात वसंत गेला. कोपर बाहेर पळायचं, म्हणून कोठाराच्या कोपऱ्याला खांदा लावून तो नुसता हात वर-खाली करायचा. पाय जमिनीवरून जेमतेम सुटायचे. अगदी जवळून टाकायचा. सलग पडू लागले की एक पाऊल मागं. चुकला की परत पुढं. मिलमधून आल्यावर जेवणाआधी रोज. कोणी बघायला नव्हतं, आणि त्याला ते बरं होतं. उन्हाळा संपता संपता लांबूनही चेंडू जाळीतून जायला लागला.

सप्टेंबरात हॉल उघडला. वाइदोतासनं बाहेरून पहिला चेंडू टाकला. तो कड्यावरून पलीकडं गेला. दुसराही, तिसराही.

"काका, वर कबुतरं बसलीत का?" उग्न्यूस म्हणाला. "जीव नका घेऊ त्यांचा."

पोरं हसली. मास्तर हसला नाही. त्यानं आणखी टाकायला लावले आणि मग वाइदोतासला बाजूला घेतलं.

"हात चांगला झालाय. ज्याला येत नाही तो दहा ठिकाणी चुकतो. तू एकाच ठिकाणी चुकतोस. घरचं कडं मापलंस?"

"बाबांनी मापलंय."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

मास्तरनं टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली. "मग मी काय बोलणार?"

वाइदोतास चालत घरी आला. त्याला एक दार आठवलं. बापानं शेजारगावी बसवलेलं. पावसाळी हवेत घासायला लागलं. घरमालक म्हणाला, राहू दे, ढकललं की लागतं. फेलिक्सासनं ऐकलं नाही. दार बिजागऱ्यांतून काढलं आणि चिखलातून घरी आणलं. दुसरं टोक वाइदोतासच्या हातात होतं. बाप वाटेत एकच बोलला, "चुकलं माझं. उचल नीट."

यूरातेनं बापाचा कोट अजून खुंटीवरून काढला नव्हता. वाइदोतासनं खिशातून पट्टी घेतली, शिडी लावली आणि जमिनीपासून मापलं. कडं वीतभर वर होतं, तुडवलेल्या बर्फाच्या थराएवढं. त्यानं खिळे एकेक करून काढले, ऐरणीवर सरळ केले आणि तेच खिळे खाली मारले. जुनी भोकं त्यानं बुजवली नाहीत. यूराते खाली शिडी धरून होती.

"सरळ आहे?" त्यानं विचारलं.

"सरळ आहे," ती म्हणाली, आणि डोळे पुसून आत गेली.

खरं कष्टाचं काम त्यानंतर होतं. उन्हाळाभर हाताला लागलेली सवय मोडायची होती. ऑक्टोबरचा पाऊस, चिखल, जड झालेला चेंडू. रोज तो पुसायचा आणि टाकायचा. पुष्कळदा हात आपसूक जुन्या उंचीला जायचा. तेव्हा तो पुन्हा जवळ येऊन पहिल्यापासून सुरू करायचा.

मृतांच्या दिवशी सगळं गाव टेकडीवर होतं. यूरातेनं थडग्यावरची पानं वेचली, त्यानं मेणबत्ती लावली. दोघं वारा अडवत उभे राहिले. त्याच आठवड्यात निवड झाली.

मास्तरनं आधी सगळ्यांना दमेपर्यंत पळवलं. मग उग्न्यूसला बास्केटखाली उभं केलं आणि त्याच्यावर दोघं सोडले. उग्न्यूस अडकला, की चेंडू कोपऱ्यात वाइदोतासकडं. पहिला कड्याला लागून बाहेर आला. दुसरा जाळीतून गेला. मग एक चुकायचा, दोन जायचे. कबुतरांचं कोणी काढलं नाही.

मास्तरनं शर्ट दिला. तो तेरा नंबरचा नव्हता.

"तेरा उग्न्यूसला द्यावा लागेल, वाइदा. सेंटर तो आहे."

तेरा बापाचा होता, मग त्याचा. वाइदोतासनं शर्टाची घडी मोडली, बघितलं, पुन्हा घातली.

"द्या," तो म्हणाला.

उग्न्यूस बाकावर बूट सोडत होता. गुडघा त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि पटकन सोडला. वाइदोतास शेजारी बसला.

"पाय आणखी रोव," तो म्हणाला. "खांद्यानं जागा कर. चेंडू फेकू नकोस, ठेव."

"बरं, काका."

"आणि गुडघा दुखत असला तर सांग."