अनुमोदक दौलत पाष्टे

दौलत पाष्टे हा वाईट माणूस नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. मीही पुष्कळ वर्षं म्हणत असे. पण वाईट असायलासुद्धा कुठेतरी पाय रोवून उभं राहावं लागतं, आणि दौलतला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

तो पहिल्यांदा आमच्या दारात आला ती तारीख माझ्या डायरीत आहे: ९ जून १९८१, मंगळवार. वय सोळा. गुहागरकडच्या एका गावातून ठाकुर्लीला मामाकडे आला होता. मामा रेल्वेच्या वीजघरात कामाला. खोली एक, माणसं आठ. तेव्हा दौलत रात्री जिन्याखाली झोपे आणि सकाळी आमच्याकडचं वर्तमानपत्र वाचायला मागे. चार वर्षांनी त्याला रेशनकार्ड हवं होतं, आणि त्यासाठी तो इथे दहा वर्षं राहतो असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. आमच्या ह्यांनी लिहून दिलं. त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: ‘ह्यांनी आज दौलतसाठी खोटं लिहिलं. मला आवडलं नाही. पण मुलाचं पोट इथेच आहे, तर त्याला इथला म्हणायला काय हरकत?’

ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नन्सनी शिकवलं होतं की रोज लिहायचं, तारीख घालायची आणि लिहिलेलं खोडायचं नाही. त्यामुळे वरची नोंद मी खोडू शकत नाही. नाहीतर खोडली असती.

पुढे दौलतने झेरॉक्सचं दुकान टाकलं, मग गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झाला, मग नगरसेवक. निवडून येण्यासाठी त्याने एकच विषय धरला: बाहेरचे लोक. बाहेरचे आले, बाहेरच्यांनी फुटपाथ खाल्ले, बाहेरच्यांमुळे पाणी येत नाही. चौकातल्या भाषणात तो टेबलावर मूठ आपटत असे. ते टेबल आमच्याच घरून जाई, म्हणून टेबलाच्या पायाला पडलेली चीरही माझ्याकडे आहे.

आमच्या इमारतीतले अण्णा विमा कंपनीतून निवृत्त झाले, आणि त्यानंतर त्यांना महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागवायचा छंद लागला. ते आणतात, मी वाचून टिपणं काढते. दौलतच्या आजवरच्या सगळ्या कारकिर्दीत बाहेरच्या लोकांविषयी अकरा विषय सभेपुढे आले. परप्रांतीय फेरीवाले, भाडेकरूंची पडताळणी, परदेशी घुसखोर शोधण्यासाठी पथक, असे. या अकराही विषयांवर दौलतने चौकात भाषण केलं आहे. सभेत मात्र एकदाही तोंड उघडलेलं नाही. पाच वेळा तो गैरहजर होता. सहा वेळा हजेरीपटावर सही आहे, आणि मत मागितलं तेव्हा तो सभागृहात होता असं सांगणारा माणूस मला एकही भेटलेला नाही. खाली चहाची टपरी आहे. तिथे तो होता असं सांगणारे पुष्कळ भेटले.

याचा त्याला कधी त्रास झाला नाही, कारण आमच्याकडे हात मोजतच नाहीत. महापौर विचारतात, मंजूर? पुढच्या दोन बाकांवरून आवाज येतो, मंजूर. आणि कागदावर लिहिलं जातं, सर्वानुमते. छापली जातात ती फक्त दोन नावं, ठराव मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. तीही कशी ठरतात, ते मला या मे महिन्यात कळलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रखमाबाई बसते. खडवलीहून येते, स्वतःच्या दोन वाफ्यांतली भाजी घेऊन. वाल, शेवग्याच्या शेंगा, आणि पावसाच्या आधी शेवळांची रानभाजी आणि तिची खाज मारायला लागणारी आंबट काकडं. एकतीस वर्षं तीच जागा, तोच गोणपाट. मे महिन्यातल्या एका सकाळी ती भाजी न मांडता सरळ माझ्या दारात आली. हातात नोटीस होती.

“बाय, वाचा जरा. पोरगा म्हनतो, मला उठवनार.”

मी वाचली. महासभेने ठराव केला होता की पालिकेच्या हद्दीत पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा देईल त्यालाच रस्त्यावर बसून विकता येईल. बाकीचे ‘बाहेरील विक्रेते’. पुरावा द्यायला महिन्याची मुदत. खडवली हद्दीच्या बाहेर आहे.

“मी बाहेरची?” रखमाबाई म्हणाली. “माझा आजा ह्या ठाकुर्लीच्या खाडीवर गवत कापायला यायचा, तवा इथं तुमची एक बिल्डिंग नव्हती. तवा मीच विचारते, तुमी सगले कुठून आलात?”

“मी ठाण्याहून आले, रखमाबाई.”

“मग तुमी बी बाहेरच्याच. उठा.” आणि हसली. मग नोटिशीची घडी करून कमरेला खोचली. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं औषध याच कोपऱ्यावर निघतं.

अण्णांनी इतिवृत्ताचा मसुदा आणला. ठरावाच्या खाली लिहिलं होतं: अनुमोदक, श्री. दौलत पाष्टे.

अण्णा म्हणाले की अजून वेळ गेलेली नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करतात. त्या वेळी अनुमोदकाने उभं राहून सांगितलं की मी याला अनुमोदन दिलेलंच नाही, तर विषय अडतो. तो पुन्हा चर्चेला घ्यावा लागतो, आणि हद्दीलगतच्या गावांना वगळा असं म्हणायला जागा मिळते. दोन नगरसेवक तसं म्हणायला तयारही होते. फक्त दौलतने एक वाक्य बोलायला हवं होतं.

मी त्याच्या संपर्क कार्यालयात गेले. बाहेर त्याचाच मोठा फोटो, आत तो. उठून उभा राहिला, खुर्ची पुसली.

“काकू, तुम्ही कशाला आलात? बोलावलं असतं तर मी आलो असतो.”

“रखमाबाईला उठवायच्या ठरावाला तू अनुमोदन दिलंस?”

“कुठल्या?”

मी मसुदा पुढे केला. त्याने वाचला. खरोखरच पहिल्यांदा वाचत होता.

“आयला,” तो म्हणाला. मग जीभ चावली. “काकू, शपथ सांगतो, मी तर चहाला गेलेलो.”

“मग अनुमोदनाच्या कागदावर सही कुणाची?”

“सही माझीच. आमचे गटनेते काय करतात, वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाकडून वीस-पंचवीस कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवतात. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून. सगळेच देतात. लागेल तसं वर लिहून घेतात.”

हे तो लाज न वाटता सांगत होता, जणू दुधाची कूपनं आगाऊ घेऊन ठेवली आहेत.

“रखमाबाईकडची भाजी तुझ्या घरात रोज शिजते, दौलत.”

“मान्य आहे. पण काकू, तिचं मत कुठे आहे? खडवलीला. माझ्या वॉर्डात असती तर गोष्ट वेगळी.” मग माझं तोंड बघून घाईघाईने म्हणाला, “तसं नाही म्हणत मी. बोलतो की सभेत. एक वाक्याचं तर काम.”

आणि लगेच ड्रॉवर उघडून त्याने पाच-सहा छापील पानं काढली. त्याचा मुलगा सूरज कॅनडात आहे. शिक्षण झालं, नोकरी लागली, पण कामाचा परवाना संपत आला होता आणि मुदतवाढ अडकली होती. तिथल्या खासदाराच्या कार्यालयाने शब्द टाकला तर फाईल हलते, असं त्याला कुणी सांगितलं होतं.

“इंग्रजीत पत्र लिहून द्या काकू. तुमच्यासारखं इंग्रजी इथे कुणाचं नाही. पण आधी हे बघा, हा खासदार कसला माणूस आहे ते. सूरजने सगळं इंटरनेटवरून काढून पाठवलंय. बाहेरून आलेल्या पोरांच्या विषयावर त्याने कधी कसं मत दिलं, सगळं. तारखेसकट! तीनदा आपल्या विरोधात. तीनदा!” त्याचा आवाज चढला. “पोरगं कुणाचं काही घेत नाही, स्वतःच्या कष्टाचं खातं, आणि हा तिथे बसून हात वर करतो. माणुसकी आहे की नाही?”

मी पानं चाळली. एका माणसाची किती वर्षांची मतं, एकेक विषय, एकेक तारीख, पुढे हो किंवा नाही. माझ्या डायऱ्यांतही इतकी शिस्त नाही. त्या अनोळखी माणसाची मतं मला मुळीच पटली नाहीत, पण मला त्याचा हेवा वाटला. म्हणजे तो ज्यांचा खासदार आहे, त्यांचा.

“तू सभेत बोल,” मी म्हटलं. “त्याच दिवशी मी पत्र लिहून देते.”

“झालंच समजा.”

सभेच्या दिवशी मी आणि अण्णा प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. रखमाबाईलाही आणलं होतं. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर शेवळांची जुडी होती. दौलतचं काम झालं की त्याला द्यायची म्हणून. दौलत आला, हजेरीपटावर सही केली, वर बघून आम्हाला नमस्कार केला. पहिलाच विषय इतिवृत्ताचा. सचिवांनी वाचायला सुरुवात केली.

मी दौलतकडे बघत होते. तो खुर्चीच्या कडेला सरकला. समोरचा कागद उचलला. अर्धा उठला. तेव्हा पुढच्या बाकावरून गटनेत्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

दौलत पूर्ण उठला. खिशातून मोबाईल काढून कानाला लावला. मोबाईल वाजलेला नव्हता.

“हॅलो? हॅलो, आवाज येत नाहीये,” असं म्हणत तो दोन बाकांच्या मधून, वाकून, दाराबाहेर गेला.

“कुणाची काही सूचना?” महापौर म्हणाल्या. “नाही. कायम.”

अण्णांनी घड्याळ बघितलं होतं. अकरा सेकंद लागले.

“बोलला का तो?” रखमाबाईने मला विचारलं.

“नाही.”

“मंग फोनवर कुनाशी बोलत हुता?”

तिने जुडी पिशवीत परत घातली.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला अतिक्रमण विभागाची गाडी आली. रखमाबाईने आरडाओरडा केला नाही. टोपली स्वतः उचलून कडेला ठेवली. गाडीवाल्यांनी वजनकाटा आणि गोणपाट नेला. तेवढ्यात दौलतची बायको हौसाबाई नेहमीसारखी भाजीला उतरली, आणि समोरून दौलत चपला घालत आला.

“हे काय चाललंय?” हौसाबाईने त्याला विचारलं.

“कारवाई आहे. वरून आदेश आलाय.”

“वरून म्हणजे कुठून? वर तर तुम्हीच जाऊन बसता ना?”

“तू घरात जा. तुला कळत नाही त्यातलं.”

“कळत नाही कसं? काकूंनी सांगितलंय मला. एक वाक्य बोलायचं होतं म्हणे. घरात भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलता!”

गाडीवरची माणसं हसली. दौलतही हसला, जणू विनोद दुसऱ्या कुणावर होता. मग तो रखमाबाईकडे वळला. “मावशी, मी बघतो. काहीतरी मार्ग काढू. तुम्ही अर्ज करा, मी शिफारस देतो.”

रखमाबाईने टोपली डोक्यावर घेतली. “नको रे बाबा,” ती म्हणाली. “तू बस तुझ्या जागेवर. गावाला सोडून आलास, आता हीबी जागा गेली तर कुठं जाशील?”

ती रागाने म्हणाली नव्हती. तिला त्याची खरोखर कीव आली होती, आणि दौलतला ते समजलं असावं. कारण तो वळून घरात निघून गेला.

पण दौलत संध्याकाळपर्यंत सावरतो, हेही मला माहीत आहे. साडेसहाला तो तीच पानं घेऊन माझ्याकडे आला. सकाळचं काहीच घडलं नव्हतं अशा चेहऱ्याने खुर्चीवर बसला.

“काकू, तेवढं पत्र. सूरजचे वीसच दिवस राहिलेत.”

मी चष्मा लावला नाही.

“सूरजला सांग,” मी म्हटलं, “पत्र नको. त्याने स्वतः जाऊन त्या खासदाराला भेटावं आणि तोंडावर विचारावं, तुम्ही माझ्याविरुद्ध मत का दिलंत. तो माणूस सापडेल. उत्तरही देईल. जो हात वर करतो, त्याला विचारता येतं.”

“काकू, रागावलात तुम्ही माझ्यावर.”

“रागावण्याइतका तू कधी समोर राहिलास का, दौलत?”

त्याने पानं सरळ केली. मग उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पत्र त्याने कोचिंग क्लासच्या एका शिक्षकाकडून लिहून घेतलं असं कळलं. सूरजला मुदतवाढ मिळाली. मला बरं वाटलं. मुलाने काही केलेलं नव्हतं.

रखमाबाई आता पालिकेच्या हद्दीपलीकडच्या एका स्टेशनबाहेर बसते. तिथे तिला कुणी ओळखत नाही. भाजी निम्मी खपते, उरलेली परत न्यावी लागते. हौसाबाई आठवड्यातून दोनदा तिथे जाते आणि माझीही भाजी घेऊन येते. परवा शेवग्याच्या शेंगा ठेवायला आली तेव्हा मी विचारलं, दौलतला माहीत आहे का तू कुठे जातेस ते.

“जेवताना चांगल्या आहेत म्हणाले,” हौसाबाई म्हणाली. “कुठून आणल्या ते काही विचारलं नाही.”