स्कॅनमध्ये काही दिसत नाही!

सीटी स्कॅन सेंटरमध्ये काम करणाऱ्याचं एक असतं. फिल्म मोठ्या पाकिटात घालून पेशंटबरोबर घरी जाते, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. मी बडोद्यात टेक्निशियन म्हणून लागलो तेव्हा शहरात अशी मशीनं मोजकीच होती. आमचे डॉक्टरसाहेब गुजराती, मी मराठी, आणि पेशंट दोन्हीकडचे. लकवा झाला की पहिला स्कॅन आमच्याकडे. मित्रांमध्ये बसलो की लोक म्हणतात, "सांग ना एखादा!" सांगतो. हसतात. मग एखादा उठून घरी फोन लावतो.

*

सुरुवातीच्या दिवसांत लोकांना वाटायचं, मशीन म्हणजेच औषध! डभोईहून एक आजोबा आले होते, कापसाचे व्यापारी. उजवा हात लुळा पडलेला. स्कॅन झाला, टेबल बाहेर सरकलं. आजोबांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि हात उचलून पाहिला. उचलेना. पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे बघून अगदी समजुतीने म्हणाले, "भाई, थोडं कमी पडलं वाटतं. अजून एकदा आत घाल ना!"

"आजोबा, हा नुसता फोटो आहे," म्हटलं.

"फक्त फोटो?" आजोबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटावर ठेवला. "मग एवढं लांब कशाला आणलं?"

*

दुसरा किस्सा प्रतापनगरच्या एका फिटरचा. रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करता करता तोंड वाकडं झालं. दोस्तांनी लगेच रिक्षात घालून आणला. इतक्या लवकर आलेला पेशंट आम्ही क्वचित बघायचो.

आता गंमत अशी की मेंदूत रक्तस्राव झाला तर सीटीत लगेच पांढरं दिसतं. पण गुठळी अडकून रक्त बंद झालं असेल, तर पहिले काही तास फोटो अगदी स्वच्छ! काळा डाग नंतर उमटतो. साहेब बाहेर येऊन मागोमाग पोचलेल्या त्याच्या बायकोला म्हणाले, "सध्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण त्याला अॅडमिट करा."

पहिल्या वाक्यानंतर कुणी ऐकलंच नाही! "कंई नथी! बधुं सारुं छे!" काही नाही, सगळं ठीक, म्हणत दोस्तांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बायको रडता रडता हसायला लागली. एक जण धावत जाऊन पेढे घेऊन आला. साहेब ओरडत होते, "अरे, अॅडमिट करा!" आणि लोक त्यांच्या तोंडात पेढा भरत होते. पेशंटला घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवरून परत आणला. या वेळी काळा डाग स्पष्ट होता. साहेब बायकोला कसं सांगावं म्हणून शब्द शोधत होते. तीच म्हणाली, "काल दिसला असता, तर मी घरी नेलं असतं का हो?"

*

स्कॅनला आणलेल्या एका बाईंचा मुलगा अमेरिकेत. त्याचा आमच्याच फोनवर कॉल आला. लाइन खराब, साहेब ओरडून सांगतायत, "मोठा इन्फार्क्ट आहे! रक्त न मिळून मेंदूचा भाग मेलाय!"

"किती मोठा?"

साहेबांनी सोपं करून सांगितलं, "लिंबाएवढा!"

मला वाटलं फोन कटला. मग मुलाने विचारलं, "लिंबू... तुमच्याकडचं की इथलं?" आणि तो असा रडायला लागला की साहेबांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला.

*

हा आमच्या मराठी माणसांचा. घराणं जुन्या संस्थानी शिपायांचं. मुलगा कापडदुकानात, दिवसभर गुजराती. पण आईचा कायदा कडक! उंबऱ्याच्या आत मराठीच. आई-आजीला गुजरातीत "बा" म्हणतात, पण नातवाने तसं म्हटलं तरी पाणी द्यायची नाही.

मुलाला झटका आला. थोड्या दिवसांनी बोलायला लागला, पण तोंडातून फक्त गुजराती! मराठी समजायची, येत नव्हती. पुन्हा स्कॅनला आले तेव्हा साहेबांनी फिल्म उजेडाला धरून डाग दाखवला. म्हातारी चष्मा पुसून बघत राहिली. "त्या डागात आमची मराठी गेली का हो?"

टेबलावरून मुलाने हाक मारली, "बा..."

म्हातारी जवळ गेली, त्याच्या केसांवरून हात फिरवला. उभ्या आयुष्यात न बोललेली भाषा. अडखळत म्हणाली, "बोल, दीकरा."

*

पुढे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बडोद्यातही आलं. पण अट कडक होती. स्कॅनमध्ये रक्तस्राव नको, आणि त्रास सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं. नंतर दिलं तर जिवाला धोका. त्यामुळे साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं नीट कधी बोलले?"

बडोद्यातल्याच अकोट्याहून एक काका आले. रिटायर्ड, टापटीप. बोलणं बंद, उजवी बाजू गेलेली. सोबत एकट्या काकी. स्कॅन स्वच्छ. साहेब खूश! "काकी, लवकर सांगा. काका शेवटचं नीट कधी बोलले?"

काकी काकांच्या टेबलाकडे बघू लागल्या.

"सकाळी चहाच्या वेळी?"

"नाही."

"काल रात्री जेवताना?"

"नाही."

"म्हणजे कालपासूनच बोलणं बंद आहे?"

काकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तसं नाही, साहेब. आमचा अबोला होता."



"आज सकाळी दूधवाला येऊन गेला, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले," काकी म्हणाल्या. "दोनदा तोंड उघडलं. मला वाटलं, शेवटी बोलायला आले. म्हटलं, जरा वाट बघू दे. मी पाठ फिरवली. जेवणाचं ताट ठेवायला खोलीत गेले, तेव्हा हे पडलेले."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपार झाली होती. त्यांनी नर्सला मान हलवून नाही म्हणून खुणावलं.

काकींनी ते पाहिलं. काकांच्या टेबलाकडे जाता जाता थांबल्या आणि साहेबांना हळूच विचारलं, "आता मी आधी बोलले, तर चालेल?"